भामाबाईने परत घेतलेले वाक्य

माणदेशात, जेथे सातारा जिल्ह्याची हद्द संपते आणि ओढ्यापलीकडे सांगली जिल्हा लागतो, तेथे धनगरांची सव्वीस घरांची एक वस्ती आहे. तिला टेकवस्ती म्हणतात. या वस्तीत भामाबाई राहते. तिचे वय अडुसष्ट असेल किंवा सत्तर असेल. ती जन्मली तेव्हा कळप कऱ्हाडच्या बाजूला होता, एवढेच तिला ठाऊक आहे. सरकारी कार्डावर जे वर्ष लिहिले आहे ते तिच्या दिराने अंदाजाने सांगितलेले आहे.

भामाबाईने चाळीस वर्षे सुईणपण केले. ही विद्या तिला सासूने मेंढरांमागे चालता चालता दिली. पहिले मूल तिने हातावर घेतले ते एका उसाच्या फडाच्या कडेला, दोन घोंगड्यांच्या आडोशाला. त्यानंतर किती घेतली याची तिने मोजदाद ठेवली नाही. आज वस्तीतला मिशा फुटलेला कोणीही पुरुष तिच्यासमोर तोऱ्यात बोलू लागला, तर ती शांतपणे म्हणते, "गप रं. तुला पायाला धरून रडवलाय मी." मग तो गप्प बसतो.

पुढे डांबरी रस्ता झाला, गाड्या आल्या आणि बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली. भामाबाईला त्याचे वाईट वाटले नाही. फार पूर्वी तिच्या हातून दोन बायका गेल्या होत्या. रुग्णालयामुळे आपल्या खांद्यावरचे ओझे उतरले असे ती म्हणे. तिच्याकडे नंतरचे काम राहिले. बाळंतीण घरी आली की तिला तेल लावून अंघोळ घालायची, शेक द्यायचा, पोट बांधायचे आणि कपडे काढायचे. कपडे म्हणजे जुन्या लुगड्याचे ते तुकडे, जे बाळंतिणीला घ्यावे लागतात. ते घरातल्या कोणी पाहायचे नाहीत, पुरुषांनी तर मुळीच नाहीत, असा रिवाज आहे. भामाबाई ते पाटीत घालून वर राख पसरी आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला नेऊन पुरून टाकी. त्यामुळे बाळंतिणीच्या अंगावरून किती गेले, हे एकट्या भामाबाईला कळत असे.

कोणी विचारलेच, तर तिचे एक वाक्य ठरलेले होते. ते तिला सासूने दिले होते आणि तिने ते साऱ्या वस्तीला दिले होते. "घाण जातीया, जाऊ दे." नऊ महिने पोटात साठलेली घाण बाहेर पडली म्हणजे बाई हलकी होते, असा त्याचा अर्थ. हे वाक्य कानावर पडले की घाबरलेल्या आयांचा जीव भांड्यात पडे. या वाक्याने कोणाचे वाईट झाले आहे, असे कोणाच्याही मनात कधी आले नाही.

राहीबाई ही भामाबाईची शेजारीण, तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. राहीबाईला दोन मुली. थोरली माया ओढ्यापलीकडे सांगली जिल्ह्यात दिली होती. पहिल्या बाळंतपणासाठी ती रीतीप्रमाणे माहेरी आली. रुग्णालयात मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. आशा सेविका, जिला सगळे आशाताई म्हणत, येऊन बाळाचे वजन करून गेली. सर्व काही सुरळीत होते.

पाचव्या दिवशी सकाळी भामाबाई अंघोळ घालण्यास गेली, तेव्हा कपडे नेहमीपेक्षा जास्त होते. दुपारी आणखी झाले. संध्याकाळी पाचवीची पूजा होती, त्यामुळे घरात पाहुण्यांची वर्दळ होती. राहीबाई पुरणाचे हात पुसत खोलीच्या दाराशी आली.

"आक्का, लय जातंय का गं?"

"घाण जातीया, जाऊ दे," भामाबाई म्हणाली.

"तिला गरगरतंय म्हणती."

"ओली बाळंतीण हाय. गरगरायचंच. तूप घालून शिरा दे तिला."

चार वाजता मायाला पूजेसाठी पाटावर बसवायला उठवले. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि हात गार होते. राहीबाईचा नवरा बिरदेव धावत जाऊन जीप घेऊन आला, त्यात पाऊण तास गेला. ओढा ओलांडून जीप मोठ्या रस्त्याला लागली आणि तेथेच माया गेली. तिला बाविसावे वर्ष चालू होते.

माहेर ओढ्याच्या अलीकडे, सासर पलीकडे, आणि मरण रस्त्यात. ते कोणत्या जिल्ह्याच्या कागदावर घ्यायचे हे ठरण्यास तीन आठवडे लागले. मग अलीकडच्या बाजूने चारुलताबाई आल्या. त्या आरोग्य सहायिका, मूळच्या वाईच्या, पन्नाशीला आलेल्या. बाळंतपणात किंवा त्यानंतर दीड महिन्याच्या आत बाई दगावली, तर ती का दगावली हे तिच्या घरी जाऊन विचारावे, असा नियम आहे. कोणाला शिक्षा व्हावी हा त्यामागचा हेतू नसतो. पुढची बाई वाचावी, एवढाच असतो. चारुलताबाईंनी हे आल्याआल्या समजावून सांगितले. ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या, पण पटले कोणालाच नाही.

"रक्तस्राव किती झाला होता?" चारुलताबाईंनी विचारले.

तो शब्द घरात कोणाला कळला नाही.

"म्हणजे अंगावरून किती गेलं?"

"थोडं," राहीबाई म्हणाली.

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हंजे थोडंच की, ताई. बाळंतिणीचं जातंय तेवढं."

बिरदेव अंगणातूनच म्हणाला, "पयल्यापासनं अशक्तच हुती ती. तसं लिवा."

राहीबाई खोटे बोलत नव्हती. तिने ते कपडे पाहिलेच नव्हते. तिला जे सांगण्यात आले होते, तेच ती सांगत होती. भामाबाई उंबऱ्याशी बसून हे ऐकत होती. माया गेली त्या दिवशी तिने ओढ्याकाठी अकरा कपडे पुरले होते. तिला कोणी विचारले नाही आणि ती आपण होऊन बोलली नाही. चारुलताबाईंनी कागदावर 'अशक्तपणा' असे लिहिले, चहा घेतला आणि त्या निघून गेल्या.

त्या दिवसापासून भामाबाईचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. बोलावे, तर शेजार तुटेल आणि ज्या वस्तीने तिला चाळीस वर्षे मान दिला, तेथे मान खाली घालून चालावे लागेल. न बोलावे, तर ते 'थोडं' कागदावर कायमचे बसेल. राहीबाईची धाकटी मुलगी मयूरी लग्नाची झाली होती. तीही एक दिवस बाळंतपणाला याच घरी येणार होती, आणि तेव्हाही भामाबाईने राहीबाईला तेच वाक्य सांगितले असते.

चौथ्या दिवशी सकाळी तिने धुतलेले लुगडे नेसले. तिचा नवरा नानासो ओट्यावर लोकर विंचरीत बसला होता.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात."

"काय दुखतंय?"

"दुखत न्हाई काय. सांगायचंय."

"तुला कुणी इचारलंय का?"

"न्हाई इचारलं. त्येच तर."

नानासोने तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा लोकर विंचरू लागला. "कोपऱ्यावरनं जा," तो म्हणाला, "एसटी वस्तीवर थांबंना झालीया."

आरोग्य केंद्रात चारुलताबाई रजिस्टरे पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. भामाबाई बाकावर न बसता उभी राहिली.

"ताई, तुमचा कागूद चुकलाय."

"कोणता, मावशी?"

"मायाचा. थोडं न्हवतं त्ये. अकरा कापडं हुती. पाच न्हाणीच्या वक्ताला आन सा दुपारनं."

"पूर्ण भिजलेली?"

"पिळली तर धार लागंल अशी."

चारुलताबाईंनी लेखणी खाली ठेवली. "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"घाण जातीया, जाऊ दे, असं मीच म्हणाले हुते. कुठल्या तोंडानं बोलू?"

चारुलताबाई रागावल्या नाहीत. त्यांनी भामाबाईला खुर्चीवर बसवले आणि आपली मूठ आवळून तिच्यासमोर धरली. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय असे मुठीसारखे आवळून घट्ट झाले पाहिजे, असे त्या म्हणाल्या. वारेचा एखादा तुकडा आत राहिला, तर मूठ मिटत नाही, आणि मग रक्त चालूच राहते. कधी पहिल्या तासात, कधी आठवड्याने.

"ती घाण नाही, मावशी. तुमच्या-माझ्या अंगातून जे फिरतं, तेच रक्त ते. ते गेलं की माणूस गेलं."

भामाबाईने आपलीही मूठ आवळून पाहिली. मग म्हणाली, "मेंढीची वार आडकली तर आमी जनावरांच्या डाक्टरला फोन करतो, ताई. दीस मावळायची बी वाट बघत न्हाई. मेंढीला कुणी म्हणत न्हाई घाण जातीया म्हणून."

चारुलताबाईंनी खणातून कोरा कागद काढला. "हे मी नव्यानं लिहिते. माहिती देणारी म्हणून तुमचं नाव घालू?"

"घाला. आन त्ये वाक्य कुणी म्हटलं त्ये बी घाला."

निघताना चारुलताबाईंनी तिला तीन खुणा पाठ करून दिल्या. तासाभरात एक कापड पूर्ण भिजले, किंवा बाईला गरगरू लागले, किंवा तिचे हातपाय गार पडले, तर कोणाची वाट न पाहता गाडी बोलवायची.

वस्तीवर परतल्यावर भामाबाई आपल्या घरी न जाता राहीबाईकडे गेली. राहीबाई शेळ्यांपुढे पाला टाकीत होती. भामाबाईने सगळे उभ्याउभ्या सांगितले आणि काही राखून ठेवले नाही. राहीबाईचा हात पाला टाकता टाकता थांबला.

"किती म्हणालीस?"

"अकरा."

"मी इचारलं हुतं तुला. दारात यिऊन इचारलं हुतं."

"इचारलं हुतंस."

राहीबाईने उरलेला पाला खाली ठेवला, घरात गेली आणि दार लावून घेतले. त्यानंतर दीड वर्ष ती भामाबाईशी एक शब्दही बोलली नाही. पाण्याच्या टाकीवर दोघी समोरासमोर आल्या, तर राहीबाई आपली घागर उचलून बाजूला उभी राहत असे. मायाच्या तान्ह्या मुलीला ती शेळीच्या दुधावर वाढवीत होती. भामाबाई ते कुंपणापलीकडून पाहत असे. तिने कधी क्षमा मागितली नाही, कारण क्षमा मागितली म्हणजे समोरच्याला ती देण्याची सक्ती होते, असे तिला वाटे.

मात्र तिने दुसरे एक काम आरंभले. ज्या ज्या घरात तिने ते वाक्य सांगितले होते, त्या प्रत्येक घरात जाऊन ती ते परत घेऊ लागली. टेकवस्तीची सव्वीस घरे झाली, मग खालच्या दोन वाड्या झाल्या. ती ओट्यावर बसे, पाणी पिई आणि म्हणे, "मी मागं सांगितलं हुतं, घाण जातीया म्हणून. त्ये चुकीचं हुतं. त्यापायी राहीची माया गेली. आता ऐका." पुढे ती मुठीची गोष्ट सांगे आणि मेंढीची सांगे. शेवटी म्हणे की कपडे पुरायचे नाहीत. ते घमेल्यात झाकून ठेवायचे, घरातल्या एका तरी बाईने डोळ्यांनी पाहायचे आणि आशाताईला दाखवायचे.

हे काम सोपे नव्हते. म्हाताऱ्या नाक मुरडीत. बनुबाई, जी तिच्याच वयाची आणि तोंडाने तिखट होती, ती म्हणाली, "चाळीस वर्सं तूच सांगितलंस, आता तूच मोडतीस. मंग मधल्यांनी काय करायचं गं?"

"मधल्या वाचल्या त्या नशिबानं, बनू. माज्यामुळं न्हाई."

"आन तास कसा मोजायचा? आमच्यात कुणाला घड्याळ कळतंय?"

भामाबाईने यावर आधीच विचार केलेला होता. "टीव्हीवर तू सांजच्याला दोन मालिका बघतीस का न्हाई? पयली सुरू झाली की नवं कापड द्यायचं. दुसरी संपायच्या आत भिजलं, तर गाडी."

"आन लाईट गेली तर?"

"तर तुज्याच्यानं तसंबी ऱ्हावत न्हाई. शेजारी इचाराय जातीसच की पुढं काय झालं म्हणून. तवाच गाडी बी सांग."

बनुबाईला हसू आले, आणि ते तिला लपवता आले नाही. त्या दिवसापासून वस्तीत 'दोन मालिकांचा हिशोब' हा शब्द रूढ झाला. नानासो चावडीवर म्हणे, "आमच्या हिनं चाळीस वर्सं जे पेरलं, त्येच आता खुरपीत हिंडतीया." लोक हसत, आणि भामाबाई दुसऱ्या दिवशी पुढच्या वाडीला जाई.

त्या दीड वर्षात वस्तीवर चार बाळंतपणे झाली. चौघींचेही सुखरूप झाले. त्यामुळे भामाबाई उगाच घाबरवते, असेही काही जण म्हणू लागले. दोन घरांनी तिला अंघोळीला बोलावणे बंद केले.

एके दिवशी दुपारी राहीबाई तिच्या अंगणात येऊन उभी राहिली. मयूरीचे लग्न इस्लामपूरजवळच्या एका गावात झाले होते, आणि रुग्णालयात तिला मुलगा झाल्याचे भामाबाईच्या कानावर आले होते.

"मयूरी उद्या घरी येतीया," राहीबाई म्हणाली. "न्हाऊ घालाय ये."

"मी?"

"तू आलीस म्हंजे मी समदं इसरले असं समजू नगंस. पर तू मोजतीस. बाकीच्या बघत बी न्हाईत."

भामाबाई गेली. दोघी कामापुरते बोलत. घमेले खोलीतच ठेवले होते आणि राहीबाई प्रत्येक कापड स्वतः पाहत होती. पहिले दोन दिवस काही वावगे दिसले नाही. पाचवा दिवस उजाडला. मयूरीची सासू इस्लामपूरकडून खणानारळाची पिशवी घेऊन सकाळीच येऊन पोहोचली. पाटावरवंटा धुऊन ठेवला होता आणि पुरण शिजत होते.

साडेदहाच्या सुमारास राहीबाईने कापड बदलले. अकरा वाजण्यापूर्वीच ते भिजले होते. तिने घमेल्यावरचे झाकण उचलले आणि भामाबाईकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता.

"आक्का, ह्ये?"

"गाडी," भामाबाई म्हणाली.

मयूरीची सासू दारात आली होती. ती मायाळू बाई होती आणि सुनेची काळजी करणारी होती. ती म्हणाली, "अवो, एवढ्याला कशाला गाडी? घाण जातीया, जाऊ दे. पूजा हुईस्तवर थांबलं म्हणून काय हुतंय?"

भामाबाईने वळून तिच्याकडे पाहिले. हे वाक्य आपल्या सासूचे आहे, आणि आपणच ते या मुलखात पसरवले, असे ती इतके दिवस समजत होती.

"इहीणबाई, तुमाला कुणी सांगितलं ह्ये?"

"कुणी म्हंजे? आमच्यात समदीच म्हणत्यात. आमची आज्जी म्हणायची."

भामाबाईने तीन वाड्या पालथ्या घातल्या होत्या आणि आपले काम सरत आले असे तिच्या मनाने घेतले होते. इतक्यात राहीबाईचा आवाज आला. तिने एव्हाना एकशेआठला फोन लावून वस्तीचा पत्ता सांगितलासुद्धा होता.

"इहीणबाई, पूजा मागनं. पोरगी आधी," ती म्हणाली. "बाळाची दुपटी घ्या तुमी."

रुग्णवाहिका आली तेव्हा मयूरी स्वतःच्या पायांनी चालत तिच्यात बसली. केस विंचरलेले नाहीत म्हणून ती कुरकुरत होती. रुग्णालयात तपासणी झाली. वारेचा अंगठ्याएवढा तुकडा आत राहिला होता, तो काढला. एक बाटली रक्त चढवावे लागले. डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलेत. चार दिवसांनी मयूरी घरी आली. पाचवीची पूजा त्या घरात दहाव्या दिवशी झाली, आणि सटवाईने त्याबद्दल काही तक्रार केल्याचे कोणी ऐकले नाही.

मयूरीला सासरी पोहोचवण्याची वेळ आली तेव्हा बाळ तीन महिन्यांचे झाले होते. आदल्या दिवशी राहीबाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "आक्का, उद्या तू बी चल. त्या गावात बी सांगाय पायजे."

तिघी बाळाला घेऊन एसटीने इस्लामपूरला गेल्या आणि तेथून पुढे त्या गावी पोहोचल्या. सासूने शेजारच्या बायकांना आधीच सांगून ठेवले होते. दुपारची कामे आटोपून पंधरा-वीस जणी अंगणात जमल्या. काही शेतातून तशाच आल्या होत्या, डोक्याला फडकी बांधलेली. एक म्हातारी मागच्या बाजूला तंबाखू मळीत बसली होती. तिचा चेहरा असा होता, की या परक्या बाया आम्हांला काय शिकवणार.

भामाबाई घोटभर पाणी प्यायली आणि तिने नेहमीप्रमाणे आरंभ केला. "मी भामाबाई. मी चाळीस वर्सं सुईणपण केलं आन एक वाक्य..."

राहीबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब आक्का," ती म्हणाली. "हितं मी सांगते."

तिने पदर नीट केला. भामाबाई भिंतीकडे सरकून बसली, म्हणजे समोर बसलेल्या बायकांना राहीबाई नीट दिसेल.

"माजी थोरली लेक हुती, माया नावाची," राहीबाईने सांगायला सुरुवात केली. "तिच्यापासनं सांगते."